अष्टमीला मोजलेली खाडी

‘सदर खाडीपट्ट्यात मासेमारी होत नाही. पूर्वी होत असल्याबाबतही काही आढळून आले नाही.’

ही दोन वाक्यं वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाक्यं एका अहवालातली होती, आणि तो मला मोबाइलवर पाठवला होता सुषमाने. सुषमा ही माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण. आता डोंबिवली पश्चिमेला, कोपरला राहते. तिच्या घरामागच्या खाडीकाठाला भराव घालून, भिंत बांधून फिरायचा रस्ता करायचं चाललं होतं. बाकडी, रंगीत दिवे, सेल्फी काढायला कट्टा, सगळं नकाशात होतं. नेमकं तिथेच तिची मासेवाली जनाबाय आपली होडी लावते.

“म्हणे इथे मासेमारीच होत नाही,” सुषमा फोनवर ओरडत होती. “मग इतकी वर्षं मी जिच्याकडून मासे घेते ती बाई कोण? भूत?”

भूतच. अहवालात जी नाही तिला दुसरी जागाही नाही नि भरपाईही नाही. जी माणसंच नाहीत त्यांना काय द्यायचं? हरकती ऐकायला कल्याणला सुनावणी ठेवली होती, येत्या अमावास्येला. जनाबायला बोलायला एवढीच एक संधी होती.

मी रत्नागिरीला कॉलेजात इतिहास शिकवते, आणि पूर्वी समुद्रात, खाड्यांत काय होतं ते जुन्या कागदांवरून हुडकते. लोकांना याचं हसू येतं. समुद्राला कसला आलाय इतिहास, असं माझ्याच विभागातले लोक विचारतात. त्यांना मी सांगते, ज्याने जन्मापासून पातळ वरण खाल्लं, त्याला तेच वरण वाटतं. ते कधी घट्ट होतं हे कुणीतरी सांगावं लागतं. सुषमाला माझ्या या उद्योगाची एरवी काडीची पर्वा नसते. या वेळी मात्र ती म्हणाली, “तू ये. तुझे ते कागद काढ. एकदा तरी तुझा उपयोग होऊ दे.”

खोपट

रत्नागिरीहून निघताना सुषमासाठी सुके बांगडे आणि सोडे घेतले होते. चार पिशव्यांत गुंडाळून, वर वर्तमानपत्र लावून. तरी पनवेलच्या आधीच मागच्या सीटवरून आवाज आला, “कुणाची पिशवी आहे ही?” मी खिडकीबाहेर बघत बसले. कंडक्टर आला, वास घेतला आणि हसून म्हणाला, “मावशी, तोंडाला पाणी सुटलं, पण पिशवी दाराजवळ ठेवा.” कोकणातून निघालेल्या एसटीत सुक्या माशांवरून तक्रार होते, याची मला सवय नव्हती. आमच्याकडे उलट विचारतात, कुठून घेतलेत, आणि काय भावाने?

एसटीतून खोपटला उतरून डेपोसमोर उसळपाव खाल्ला. उसळ झणझणीत होती, पण ती चवीने खाण्याइतकं डोकं जागेवर नव्हतं. तिथून थेट सरकारी दप्तरखाना गाठला.

“माशांचे कागद?” टेबलामागचे गृहस्थ म्हणाले. “माशांचे कागद नसतात आमच्याकडे. जमिनीचे असतात.”

“मला जमिनीचे नकोत. दाव्यांचे दाखवा. खाडीकाठच्या गावांचे.”

माशांचा इतिहास माशांच्या कागदांत सापडत नाही, हे मी बऱ्याच वर्षांच्या मनस्तापातून शिकले आहे. आज जाळं भरून मासा आला म्हणून कोणी अर्ज लिहीत नाही. सुखाची नोंद कोणी ठेवत नाही. लोक लिहितात कधी, तर डोकी फुटल्यावर. म्हणून मी भांडणं शोधते. ज्या पाण्यात काही नाही त्या पाण्यासाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही.

आणि सापडलं! दाव्यांच्या जुन्या यादीत एक ओळ होती, इंग्रजांच्या काळातली. डोंबिवलीच्या अंगाचं एक गाव विरुद्ध समोरच्या काठावरचं, भिवंडीच्या अंगाचं एक गाव. विषय, खाडीतील खुंट्यांची जागा. खुंटे म्हणजे खाडीच्या तळात रोवलेले माडाचे नाहीतर ताडाचे सोट. दोन खुंट्यांमध्ये पिशवीसारखं जाळं बांधायचं, पाणी त्यातून वाहतं आणि मासा आत राहतो. आमच्याकडेही ही रीत आहे. मी खुर्चीत ताठ बसले आणि फाइल मागितली.

“ती स्कॅनिंगला गेलीय.”

“कुठे?”

“ते नाही सांगता येणार.”

“कधी?”

“माझ्या आधी.”

एवढं बोलून गृहस्थ चहा प्यायला गेले. यादी आहे, फाइल नाही. हे म्हणजे ताट मांडायचं, रांगोळी काढायची आणि जेवणच द्यायचं नाही. मी त्या खोलीत जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन्ही गावांची नावं मी मुद्दामच लिहीत नाही. कोणाचं नाव आधी लिहिलं यावरून दोघांपैकी एक गाव माझ्याशी जन्मभर अबोला धरील. तेव्हा अलीकडचं गाव आणि पलीकडचं गाव.

दिवा

संध्याकाळी सुषमा मला कोपरच्या शेजारच्या स्टेशनावर, दिव्याला घेऊन गेली. जनाबाय तिथल्या बाजारात बसते. रस्त्याच्या एका बाजूला पाण्याच्या टँकरपुढे हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला मासे. इमारती एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की एकीतली फोडणी दुसरीत बसावी. जनाबायला हात धुवायला पाणी नव्हतं. अर्धी बाटली पाणी ती थेंबाथेंबाने वापरत होती. खाडी इथून हाकेच्या अंतरावर असेल.

जनाबाय पन्नाशीची, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज असा की समोरच्या टँकरवाल्यानेही वळून पाहावं. तिच्यापुढे बर्फातले बांगडे होते, बर्फातली कोलंबी होती, कुठून कुठून ट्रकने आलेली. मी विचारलं, “खाडीचं काही नाही?”

तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग पाटीवरचा ओला गोणपाट उचलला. खाली बोय नावाचे खाडीतले मासे होते, थोडी करंदी, म्हणजे बारीक कोलंबी होती, आणि दोन चिंबोऱ्या, जिवंत खेकडे, पाय हलवत होत्या.

“लपवून का ठेवलंस?”

“खारीचं हाय म्हटलं का गिऱ्हाईक पलतं. रॉकेलचा वास येतो म्हनतात.” तिच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, खाडीची खारी. तिने एक बोय माझ्या नाकाशी धरली. “येतो का?”

येत होता. पुसट, पण येत होता. मी बोय तिच्या हातातून घेऊन पाटीत ठेवली.

“वरतून कंपन्यांचं पानी सोरतात ते. मासा काय रॉकेल पितो व्हय? आनि आता म्हनतात मासाच नाय. पयला त्याला मारला, आता म्हनतात जल्मलाच नवता.”

मी अहवाल वाचून जे तासभर बडबडले होते ते हिने दोन ओळींत संपवलं. तिच्याकडून मी ती सगळी करंदी घेतली. पैसे देताना ती म्हणाली, “सुनावनीला यीन मी. पन माना बोलाला देतील का?”

कोपर

सुषमाच्या इमारतीचं नाव इंग्रजी आहे आणि त्याचा अर्थ खाडीचा देखावा असा होतो. लिफ्टमध्ये पाटी आहे, ‘कृपया मासळीची पिशवी उघडी नेऊ नये.’ देखावा पाहिजे, वास नको. माझ्या पिशवीकडे बघून एक बाई दुसऱ्या मजल्यावरच उतरल्या आणि जिन्याने गेल्या. जाऊ देत. रात्री सुषमाने करंदीचं सुकं केलं, कोकम आणि लसूण घालून. रॉकेलचा वास जावा म्हणून करंदी आधी हळदीच्या पाण्यात ठेवली होती. गेला नाही. तरी आम्ही दोघींनी ताट चाटूनपुसून साफ केलं, खुन्नस म्हणून.

जेवणानंतर अहवालातले फोटो मोठे करून पाहू लागले. रिकामी खाडी, काठावर उलटी पडलेली होडी, कुंपणावर वाळत घातलेली जाळी. खाली लिहिलं होतं, ‘वापरात नसलेली सामग्री’. फोटोंवर तारखा होत्या. सुषमाच्या स्वयंपाकघरातली दिनदर्शिका काढली, तारखा लावून पाहिल्या आणि मी टेबलावर हात आपटला.

“काय झालं?” सुषमा दचकली.

“दोन्ही वेळा अष्टमी आहे गं! एक शुद्ध, एक वद्य.”

“मग?”

मग काय? खाडीकाठी जन्मलेल्या कोणालाही विचारा. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, पाणी जोरात येतं नि जोरात जातं, त्याच जोरावर खुंट्यांवरची जाळी चालतात. अष्टमी-नवमीला भांग. पाणी मेल्यासारखं, जेमतेम हलतं. त्या दिवसांत जाळी काढून वाळवतात, उसवलेली शिवतात, होडी उलटी करून तळ खरवडतात. पाहणीला आलेल्या या शहाण्या सल्लागारांनी भाड्याची बोट घ्यायला शांत पाणी निवडलं. पोट हेलकावू नये म्हणून. आणि शांत पाण्यात जाळी दिसली नाहीत म्हणून खाडी रिकामी ठरवली. शाळेला सुट्टी असताना जायचं आणि लिहायचं, या गावात मुलं नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, हे बोटीतून हाकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलीकडच्या गावात गेले. गाव म्हणजे आता चाळी, टॉवर, मधूनच एखादं देऊळ आणि दारात उभ्या मोठ्या गाड्या. काठावर तेच फोटोतलं दृश्य. उलटी होडी, कुंपणावर जाळी, जनाबायचा नवरा पांडुरंग सुई-दोरा घेऊन जाळं शिवत बसलेला.

“आज नाही गेलात?”

“भांग हाय,” त्याने मान वर न करता सांगितलं. त्याला कोणी विचारलं असतं तर त्यांनाही सांगितलं असतं.

विचारलं होतं, पण त्याला नाही. विचारलं होतं नानाला. नाना गावातला मोठा माणूस. वडिलोपार्जित शेतं आणि मिठागराचा वाटा बिल्डरांना गेला, आता वाळू-विटांचा धंदा. घरात थंडगार हॉल, भिंतीवर देवीचा मोठा फोटो. माणूस अगत्याचा, खोटं कशाला बोलू? मी बसायच्या आधीच सरबत आलं.

“आले होते ते साहेब लोक,” नाना म्हणाला. “विचारलं, गावाचा धंदा काय? मी सांगितलं, बिल्डिंग मटेरियल. मच्छी मारतात का? बोललो, इथं कोन मारतो मच्छी? आमी जमीनवाले लोक.”

“आणि पांडुरंग? जनाबाय?”

“एखाद-दुसरा असतो हो मॅडम. त्याच्यासाठी पूर्न गावाला मच्छीवाला बोलायचं काय? पोराचं लग्न ठरवायचंय माझ्या. कागदावर मच्छीवाले आलं का स्थलं कशी येतील?”

“तुमचे आजोबा काय करायचे?”

“आज्याचं काय काढता? सरबत घ्या.”

मी सरबत घेतलं नाही. आमच्या रत्नागिरीत दोन ट्रॉलरचा मालक मुलाच्या लग्नपत्रिकेवर होडीचं चित्र छापतो, आणि इथे हा माणूस आजाच लपवतोय! सल्लागार परके होते, त्यांना भांग नि उधाण कळत नव्हतं. याला सगळं कळत होतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर मला सरबत विचारत होतं. मी तसंच उठून आले. जनाबायला म्हटलं, “मला पलीकडच्या गावात जायचंय. होडीने सोडशील?”

तिने समोरच्या काठाकडे पाहिलं. “सोरीन. पन तिकरचं पानी नाय पिनार मी.”

“का?”

“नाय पीत आमी. पोरी पन देत नाय तिकरं, आनत पन नाय.”

“पण का?”

“खुट्यावरून,” जाळ्यातून मान वर न काढता पांडुरंग म्हणाला. “लय जुनं हाय.”

दप्तरखान्यातून हरवलेली फाइल या दोन गावांच्या सोयरिकीत अजून शाबूत होती.

पलीकडे

अमावास्या जवळ आली, उधाणाचे दिवस सुरू झाले, तशी जनाबायने होडी काढली. पहाटेची ओहोटी होती. होडीपर्यंत पोचायला चिखल तुडवावा लागला, आणि पहिल्याच पावलाला माझी उजवी चप्पल आत गेली ती गेलीच. हात घालून शोधायला वाकले तर हाताला प्लास्टिकची पिशवी, मग आणखी एक, मग कसलंसं पैंजण. चिखल काळा होता, त्याला औषधाच्या कारखान्यासारखा वास होता. आमच्या खाडीचा चिखलही काळाच असतो, पण त्यात निवट्या, चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारतात, चिखल सतत हलत असतो. इथे तो गप्प होता. अनवाणी एका पायाने मी होडीत चढले.

पाणी आटलं होतं. मध्ये, थोडं पलीकडच्या अंगाला, पाण्यातून काळे बुंधे वर आलेले दिसले. एका ओळीत, कुजून टोकदार झालेले.

“तेच का?”

“तेच.” जनाबायने वल्हं थांबवलं. “जिताऱ्याचे खुटे. एवराले जितारे यायचे बोलतात.” तिने वल्ह्यावर हात लांब करून दाखवला. जिताडा हा या बाजूचा मानाचा मासा. व्याह्याला, साहेबाला भेट द्यायचा तर जिताडा. “मी लगीन होऊन आली तवा येक-दोन गावायचे. आता नाय.”

“मग आता त्या खुंट्यांवर कोण जाळं लावतं?”

“कोन नाय. पन आमचे हायत ते.”

पलीकडे बाळाराम भेटले. निवृत्त शिक्षक, पांढरा सदरा, व्यवस्थित पुणेरी बोली. मी विषय काढताच म्हणाले, “त्या दाव्यात आमचं गाव जिंकलं. खुंटे आमचे. तेव्हापासून त्यांच्याशी आमचा रोटीबेटी व्यवहार नाही.”

“त्यांचं म्हणणं आहे ते जिंकले.”

बाळारामांचा चेहरा लाल झाला. “हरलेला माणूस दुसरं काय म्हणणार?”

त्यांच्या सुनेने चहा दिला, तांदळाची भाकरी आणि चिलापीचं कालवण दिलं. चिलापी हा कुठून तरी सोडलेला परका मासा, आता घाण पाण्यात तोच टिकतो. जनाबाय तोवर होडीतच बसून होती, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. सुनेने तिच्यासाठी तांब्या भरून नेला. जनाबायने हात जोडले आणि मान हलवली. मला तिचाही राग आला आणि त्या तांब्याचाही. जिताडा संपला, निवट्या संपल्या, करंदीला रॉकेलचा वास लागला, आणि यांचं भांडण मात्र ताजं फडफडीत. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही.

मग लक्षात आलं, याहून चांगला पुरावा मला कुठल्या दप्तरात मिळणार होता? एका माशाच्या जागेसाठी दोन गावांनी पिढ्यान् पिढ्या सोयरीक तोडली. किती मासा असेल तो!

मी बाळारामांना हात जोडून सांगितलं, सुनावणीला या. दावा झाला होता एवढंच सांगा, शांतपणे. कोण जिंकलं ते नको. ते हो म्हणाले. राग गिळून नानालाही फोन केला. तो म्हणाला, “येतो, पन मच्छीचं बोलनार नाय.”

कल्याण

सुनावणी सकाळी होती, आणि ती ठेवली होती ऐन अमावास्येला. म्हणजे मासेमारी होत नाही हे ठरवायला भांग, आणि मासे मारणाऱ्यांचं ऐकायला उधाण! पांडुरंग जाळ्यावर गेला, एकाला तरी जावंच लागतं. जनाबाय आपलं पाणी सोडून आली होती. हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसली, इस्त्रीचं लुगडं नेसून.

आधी सल्लागारांनी पडद्यावर चित्रं दाखवली. मग मी उठले. तिथी, भांग, उधाण सगळं समजावून सांगितलं. सुनावणी घेणारे साहेब सभ्यपणे ऐकत होते आणि मधूनमधून मोबाइल बघत होते. सल्लागार म्हणाले, “मॅडम, तिथीवर सायन्स चालत नाही.” मी म्हटलं, “मग भरती-ओहोटी कशावर चालते? तुमच्या पगारावर?” थोडे लोक हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, “लेखी पुरावा आहे का?” मी हरवलेल्या फाइलबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे नाही.”

जनाबाय उभी राहिली. “सायेब, मी मारते मासं. मी सोता.”

“बसून घ्या, तुमचा नंबर येईल,” असं सांगून साहेबांनी पुढचं नाव पुकारलं, बाळाराम. ते आले, चष्मा लावला, आणि शांतपणे वाचू लागले. “आमच्या गावाचे खाडीत परंपरेने खुंटे होते. त्यावर समोरच्या गावाने अतिक्रमण केलं असता—”

“अतिक्रमन?” मागून आवाज आला. नाना उभा होता. “कोनी केलं अतिक्रमन?”

“दाव्यात सिद्ध झालेलं आहे.”

“अरे, काय सिद्ध झालं? खुटा आमच्या आज्याचा! आजा माझा स्वतः ताडाचा सोट खांद्यावर घेऊन पान्यात उतरलेला. तिथला जितारा आमच्या घरात शिजलेला, तुमी काय सांगता?”

“तुमचे आजोबा चोरून जाळं लावत होते!”

“चोर कोनाला बोलतो रे मास्तर?”

झालं. खुर्च्या सरकल्या, दोन्ही गावांची माणसं पुढे आली. आजे, पणजे, चुलते सगळे पाण्यात उतरले. कोणी किती मोठा जिताडा कोणत्या खुंट्यावर धरला, कोणाचं जाळं कोणी कापलं, कोणाच्या होडीला कोणी भोक पाडलं. जो नाना आठवड्यापूर्वी म्हणत होता इथं कोन मारतो मच्छी, तो आता घशाच्या शिरा ताणून आपली सात पिढ्यांची मासेमारी सांगत होता. मी खुर्चीवर बसले आणि मला हसावं का रडावं ते कळेना. साहेब उठले. “गोंधळ होत असेल तर सुनावणी आटोपती घ्यावी लागेल,” म्हणाले, आणि दाराकडे निघालेसुद्धा.

मी धावत टेबलाकडे गेले. कारकून लिहीत होता, ‘दोन गटांत बाचाबाची झाल्याने सुनावणी आटोपती घेण्यात आली.’

“कशावरून बाचाबाची?” मी विचारलं.

“ते लिहीत नाहीत मॅडम.”

“लिहीत नाहीत म्हणून तर मी दारोदार फिरते आहे! लिहा. कशावरून?”

“मॅडम, मला लंचला—”

“लिव ना रं,” नाना माझ्या मागे येऊन उभा होता, घामाघूम. “लिव. जिताऱ्याच्या खुट्यावरून.”

“आमच्या,” बाळाराम दुसऱ्या बाजूने म्हणाले.

“आमच्या!”

कारकुनाने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि शेवटी लिहिलं, ‘जिताडा माशाच्या परंपरागत जागेच्या हक्कावरून.’ मी ते दोनदा वाचलं, फोटो काढला. जनाबायचं नाव पुकारलंच गेलं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर बाळारामांच्या सुनेने तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. या खेपेला जनाबायने घेतली आणि गटागटा प्यायली. मी बघत राहिले तर म्हणाली, “बाटलीचं पानी कुठल्या गावाचं नसतं.”

रत्नागिरी

घरी परतल्यावर काही आठवड्यांनी सुषमाने सुधारित अहवाल पाठवला. मी चष्मा शोधला. त्यात लिहिलं होतं, ‘ग्रामस्थांमधील जुन्या वादावरून या खाडीपट्ट्यात पूर्वी पारंपरिक मासेमारी होत असल्याचे दिसते. ती आता संपुष्टात आलेली आहे. फेरपाहणीतही मासेमारी आढळली नाही.’ शिवाय भिंतीवर माशांची रंगीत चित्रं काढायची सूचना होती, परंपरेची आठवण म्हणून. फेरपाहणीच्या फोटोवर तारीख होती. दिनदर्शिका उघडली. नवमी.

मी खाडीचा भूतकाळ शोधून दिला आणि त्यांनी त्यातच जनाबायला पुरलं. माझंच काम, माझाच पुरावा, आणि श्राद्ध मात्र एका जिवंत बाईचं. इतका संताप मला त्या दोन वाक्यांनीही आला नव्हता.

जनाबायला फोन लावला. काय नि कसं सांगावं कळत नव्हतं. शेवटी जसं होतं तसं वाचून दाखवलं. फोनमधून होडीला पाणी आपटल्याचा आवाज येत होता.

“संपली म्हनतो?” ती म्हणाली. “मंग मी काय मेली?”

मी दिनदर्शिका मिटली.

“तो सायेब कल्यानलाच बसतो ना?”

“हो.”

“पुनवेला पाटी भरून नेते आनि त्याच्या टेबलावर वतते. चिंबोऱ्या पन घालते त्यात, जित्या. मंग त्यालाच इचारते, संपली का काय.”

आणि पाणी भरायला लागलंय म्हणून तिने फोन ठेवला.